राणी वरच्या घरट्यात होती

मुंग्यांकडून चावून घेण्याचा पगार मिळणारा माणूस रायपुरात मी एकटाच होतो. एकतीस वर्षं चावून घेतलं. नावापुढे डॉक्टर वाचून बँकेतल्या बाई विचारायच्या, "हड्डी के या दाँत के?" मी सांगायचो, "चांटी के." इकडे मुंगीला चांटी म्हणतात. बाई पुढे काही विचारत नसत. पासबुक मात्र झटकन परत मिळायचं.

मी थोडं वाढवून सांगतो, हे इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. सदर बाजारातल्या सराफाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की खुद्द सराफालाही आता माझीच आवृत्ती खरी वाटते. त्याला संशय होता की कारखान्यातले सोन्याचे कण मुंग्या बिळात नेतात. मला बोलावणं आलं. आम्ही फरशी उखडली आणि बिळाचा माग घेत खोदत गेलो. माझ्या आवृत्तीत आम्ही बूढा तलावाच्या पाण्यापर्यंत पोचतो. खरं म्हणजे हातभर खोदलं होतं. मुंगीच्या तोंडातला पिवळा कण भिंगाखाली धरला, तर ती बेसनाची शेव निघाली. कारागीर कामावर बसून शेव खायचे. मी निकाल सांगितला, तेव्हा सराफ मुंग्यांवर नाही, माझ्यावर चिडला. "डॉक्टर साहब, इतना पढ़के आप सेव ही निकाल पाए?"

तेव्हा मी खूप हसलो होतो. निकाल सांगणं तेव्हा किती सोपं होतं, ते आता कळून राहिलं आहे.

आमचं काम काय असतं ते आधी सांगतो. लोकांना वाटतं, भिंग लागतं. भिंग थोडंच लागतं, खरी लागते मान. झाडाखाली मान वर करून तासन् तास बसायचं आणि कोण कुठून कुठे काय घेऊन गेलं ते वहीत मांडायचं. मुंग्या सगळ्या सारख्या दिसतात म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. त्या ब्रशला केस एकच असतो. तो मी बायकोच्या वेणीतून घ्यायचो. आपली वेणी विज्ञानापायी पातळ झाली, असं ती पाहुण्यांना सांगते. या बाबतीत ती माझ्याहूनही जास्त फेकते. मुंग्या पकडायला बाटली असते, तिला दोन नळ्या. एक मुंगीवर धरायची, दुसरी तोंडात धरून ओढायचं. मध्ये जाळी असते. जाळी फाटकी निघाली की लिंबासारखी आंबट मुंगी घशात जाते, आणि मग तीन दिवस घरच्या वरणात लिंबू पिळावं लागत नाही.

माझी मुंगी म्हणजे माटा. लाल, लांब पायांची, आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणारी. ही शिवते कशी, ते पाहिल्यावर मी दुसरं काही शिकायचं नाही असं ठरवलं. दहा-वीस मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात आणि दोन पानं जवळ ओढतात. मग दुसऱ्या काही मुंग्या आपल्या आळ्या तोंडात धरून आणतात आणि या कडेवरून त्या कडेला फिरवतात. आळीच्या तोंडातून रेशीम निघतं. सुई-दोरा म्हणजे घरातलं तान्हं मूल. असं एकेक घरटं डोक्याएवढं, आणि एका वसाहतीची अशी शंभर घरटी पाच-पंचवीस झाडांवर पसरलेली. हद्दीवर पहाऱ्याला कोण, तर म्हाताऱ्या. आपण लढाईला पोट्टे पाठवतो, त्या आज्या पाठवतात.

या सगळ्या पसाऱ्यात राणी एकच. शंभरापैकी एका घरट्यात ती बसते आणि जन्मभर अंडी घालते. ती मेली तर दुसरी होत नाही. कामकरी मुंग्या मग स्वतः अंडी घालायला लागतात, पण त्यातून फक्त नर निघतात. नर काही करत नाहीत. खातात, पंख फुटले की उडतात, आणि संपतात. म्हणजे राणी गेली तरी वसाहत लगेच मरत नाही. काही महिने ती बाहेरून ठणठणीत दिसते. या गोष्टीतलं सगळं वाईट त्या काही महिन्यांत आहे.

शहराबाहेर आमच्या संशोधन केंद्रात एक आमराई होती. तिच्यातल्या चौदा झाडांवर पसरलेली एक वसाहत मी नऊ वर्षं पाहिली. प्रत्येक घरट्याला नंबर, प्रत्येक वाटेचा नकाशा. राणी मी कधी पाहिली नाही. पाहायची तर घरटं फाडावं लागतं. पण ती कुठे आहे हे मला कळायचं, कारण ताजी अंडी तिच्या घरट्यातून बाकीच्या घरट्यांकडे नेली जातात. उलट दिशेनं मोजत गेलं की घर सापडतं. सहाव्या झाडावर मध्यभागी, दाट पानांत, घरटं क्रमांक एक्केचाळीस. ते सुकलं की शेजारचं बेचाळीस, पण झाड तेच, उंची तीच. नऊ वर्षं.

तिथे रोजंदारीवर झाडलोट करायला सुखबती होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, बस्तरकडची. तिच्या गावी या मुंग्यांची चटणी करतात, आणि लहानपणी आईबरोबर ती घरटी उतरवायला जायची. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "सगळी घरटी काढता?" ती म्हणाली, "सब नहीं साहब. रानी वाली डाल छोड़ देते हैं. नहीं तो अगले साल क्या खाएँगे?"

"राणीची फांदी कशी कळते?"

"बाकी घर को छुओ तो काटने दौड़ती हैं. रानी के घर को छुओ तो नहीं दौड़तीं. पत्ते पर चढ़कर बैठ जाती हैं, एक के ऊपर एक."

मी ते वहीत टिपून घेतलं आणि खाली कंसात लिहिलं, 'लोकसमज, तपासायचा.' नऊ वर्षांत तपासला नाही.

मग आमराईच्या जागी नवी इमारत आणि तिच्यापर्यंत जाणारा रस्ता मंजूर झाला. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. मी अर्ज केले, मोठ्या साहेबांपुढे आवाज चढवला, झाडाला मिठी मारून फोटोही काढून घेतला. शेवटी साहेबांनीच मार्ग सुचवला. झाडं जातील, तुम्ही मुंग्या हलवा. कँपसच्या दुसऱ्या टोकाला आंब्याची पंधरा-वीस झाडं होती, त्यांवर माटा नव्हती. माणसं मिळतील, शिडी मिळेल, दोन दिवस मिळतील.

मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. वसाहतीचं पुनर्वसन. कुणी केलं होतं का? मी बूढापाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर चौघांना सांगूनही टाकलं की अख्खं मुंग्यांचं शहर ट्रकमध्ये भरून नेतो आहे.

जानेवारीतली सकाळ होती. थंडीत मुंग्या घरट्यातच असतात, म्हणून पहाटे सुरुवात केली. घरटं पोत्यात घ्यायचं, डहाळी कापायची, तोंड बांधायचं, नंबराची चिठ्ठी लावायची. शेजारच्या रांगेतली झाडं पाडणं दोन दिवसांपूर्वीच सुरू झालं होतं. प्रत्येक झाड पडलं की जमीन हादरायची. सहाव्या झाडाखाली सुखबती झाडू टेकवून वर बघत उभी होती.

"साहब, रानी ऊपर चल दी है."

"कुठे वर?"

तिनं शेंड्याकडे बोट दाखवलं. पार टोकाला एक लहानसं, नवं घरटं होतं. पानं अजून हिरवी, माझ्या नकाशावर त्याला नंबर नाही. "जमीन काँपी तो कल शाम को गई. झुंड के झुंड बीच में लेके गईं. अभी देखो, उस घर पर चढ़के बैठी हैं."

मी दुर्बीण लावली. त्या घरट्यावर मुंग्यांचा थर होता, हे मी पाहिलं. शपथेवर सांगतो, पाहिलं. पण शिडी तिथपर्यंत पोचत नव्हती. वर चढायचं म्हणजे दोरवाला माणूस बोलवायचा, अर्धा दिवस जाणार. आणि माझ्या हातात नऊ वर्षांचा नकाशा होता.

"सुखबती दीदी," मी म्हणालो, "ते पहाऱ्याचं घरटं आहे. राणी एक्केचाळीसमध्ये आहे. मैंने नौ साल गिना है."

"हव, साहब," ती म्हणाली.

या छत्तीसगढी 'हव'चा अर्थ 'हो' असा होतो. पण बोलणाऱ्याचा विश्वास उडाला असेल तरी तो 'हव'च असतो. मी पहिला अर्थ घेतला.

दुपारी एक्केचाळीस आणि बेचाळीस मी स्वतः, हातात मूल घ्यावं तशी, उतरवली. संध्याकाळी सहावं झाड पडलं. शेंडा ठेकेदाराच्या गाडीतून लाकडाच्या वखारीत गेला.

नव्या जागी पोती फांद्यांना बांधून उघडली. आठ दिवसांत मुंग्यांनी नवी पानं शिवली, वाटा आखल्या, हद्दीवर म्हाताऱ्या उभ्या केल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. मी दिवसभर मान वर करून बसलो होतो आणि एकच गोष्ट शोधत होतो. अंडी. कुठल्याही घरट्यातून कुठल्याही घरट्याकडे ताजं अंडं जात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सुखबतीनं विचारलं, "अंडा दिखा साहब?"

"थंडी आहे. थंडीत कमी घालते."

"हव."

घरी बायकोनंही ओळखलं. तिनं ताट पुढं ठेवलं आणि म्हणाली, "काहून जी, जेवून नाही राहिले? पेपरात फोटो आला, अन् तोंड असं करून बसले जसं कोणी गेलं घरातलं."

"राणी नाही सापडत."

"तुमाले कधी सापडली होती? नऊ वर्षात पाहिली नाही म्हणता नं."

"तेव्हा होती. आता नाही."

"मंग सांगून द्या साहेबाले."

तेवढंच करायचं होतं. मार्चअखेर मी निवृत्त होणार होतो, आणि त्याआधी अहवाल हवा होता, कारण त्याशिवाय झाडतोडीची फाइल बंद होत नव्हती. मी बसलो आणि लिहिलं: वसाहत नव्या जागी स्थिर झाली आहे. बांधकाम व पहारा नियमित. पद्धतीही लिहिली, मुद्देसूद, कुणालाही वापरता येईल अशी. त्यात एक वाक्य असं होतं: शिडीच्या टप्प्याबाहेरची शेंड्यावरची घरटी पहाऱ्याची असतात, ती सोडल्यास हरकत नाही.

हे वाक्य का घातलं, याचा मी खूप विचार केला आहे. कुणी मागितलं नव्हतं. मला वाटतं, त्या शेंड्यावरच्या घरट्याचं तोंड मला कागदावर बंद करायचं होतं. आयुष्यभर मी हातभर खड्ड्याचं तळं केलं, पण ते चहाबरोबर. वहीत कधी एक मुंगी जास्त लिहिली नव्हती. पहिल्यांदा लिहिलं ते सरकारी कागदावर, निरोपाच्या शालीच्या चार दिवस आधी.

मे महिन्यात नर निघाले. घरट्यांतून पंखांचे काळसर नर दाटीनं बाहेर आले आणि पहिल्या वळिवानंतर उडाले. केंद्रातली माणसं बघायला जमली. कुणीतरी मला फोन करून सांगितलं, "सर, आपकी चींटियों के बच्चे हो गए, मुबारक हो." मी गेलो. खरंच सुंदर दिसत होतं. टाळ्या न वाजवणारे मी आणि सुखबती असे दोघेच होतो. एवढे नर आणि एकही पंखवाली मादी नाही. ती कामकऱ्यांची अंडी होती. राणी गेल्याची ही खूण मी जन्मभर इतरांना शिकवली होती.

त्यानंतर मी रोज जायला लागलो. निवृत्त माणसाला गेटवर कुणी अडवत नाही, त्याच्याशी कुणी बोलतही नाही. आळ्या संपल्या म्हणून रेशीम संपलं. फाटलेलं घरटं पुन्हा शिवलं जात नव्हतं. मुंग्या पानं ओढून धरायच्या, साखळी करून, तासन् तास, आणि शिवायला कुणी यायचंच नाही. मग एकेक करून सोडून द्यायच्या. दसऱ्यापर्यंत चार घरटी राहिली. हद्दीवरच्या म्हाताऱ्या सगळ्यांत शेवटी गेल्या. मागे राखायला काही उरलं नव्हतं, तरी बोट पुढे केलं की जबडा उघडून उभ्या राहायच्या. एक दिवस बोट पुढे केलं आणि कुणी आलं नाही.

मी एक पानभर लिहिलं. माझा अहवाल चूक आहे, राणी मागे राहिली, वसाहत मेली, ते वाक्य खोटं आहे. ते घेऊन केंद्रात गेलो. माझ्या खुर्चीवर आता जो अधिकारी बसतो, त्याला मीच शिकवलं होतं. त्यानं पाणी मागवलं, कागद वाचला आणि हसला.

"सर, फाइल तो बंद हो गई."

"ती उघडा."

"आप ही ने बंद करवाई थी. और सर, आप तो..." त्यानं शब्द शोधला. "आप बात को थोड़ा बड़ा करके बोलते हैं. एक कॉलोनी थी, उम्र हो गई होगी. दुख होता है, मैं समझता हूँ."

कागद त्यानं ठेवून घेतला. कुठे ठेवला, माहीत नाही.

या वर्षी जानेवारीत एका ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आला. शहराच्या दुसऱ्या बाजूला एक जुनी आमराई रस्त्यात जाते आहे. तिच्यावर माटा आहेत. लोकांनी तक्रार केली, म्हणून ठेकेदाराला मुंग्या हलवायची अट घातली आहे. "सर, आपकी ही विधि से कर रहे हैं. आप आके आशीर्वाद दे दीजिए." काम कधी आहे, विचारलं. "चालू है सर."

मी सुखबतीच्या घरी गेलो. ती आता पुरानी बस्तीत लेकीकडे राहते, गुडघे गेलेत. माझ्या खांद्याला धरून ऑटोत चढली. मग म्हणाली, "इस बार ऊपर वाला देखोगे न, साहब?"

"पाहीन."

आम्ही पोचलो तेव्हा झाडं आडवी पडलेली होती. एका रांगेत पोती लावलेली, तोंडं बांधलेली, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी माझ्याच पद्धतीची, कोपऱ्यात झाडाचा आकडा, खाली घरट्याचा. इतकी नीट कामं मी नोकरीतही पाहिली नव्हती. सुपरवायझर चाळिशीचा, सभ्य माणूस. पाया पडला.

"शेंड्यावरची घरटी?" मी विचारलं.

"वो छोड़ दिए सर. रिपोर्ट में लिखा है न, पहरे वाली रहती हैं." त्यानं खिशातून झेरॉक्स काढली. वाक्याखाली पेनानं रेघ मारलेली होती.

सुखबती थांबली नाही. गुडघे धरत ती आडव्या झाडांच्या शेंड्यांकडे गेली. एकेका घरट्याला हात लावत होती. मुंग्या चावायला धावल्या की पुढच्याकडे. पाचव्या की सहाव्या झाडाशी ती उभी राहिली. घरटं शेजारच्या झाडाच्या खोडाखाली अर्धं चेपलेलं होतं. तिनं हात लावला. कुणी धावलं नाही. उरलेल्या मुंग्या पानावर एकमेकींच्या अंगावर बसून होत्या.

तिनं शिवण उसवली आणि आत जे होतं ते माझ्या तळहातावर ठेवलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी राणी पाहिली. बाकीच्या लाल, ही हिरवी. पिकायच्या आधीच्या कैरीसारखी. पोट टपोरं, पंख कधीच गळलेले. पाच-सहा कामकरी तिच्याबरोबर हातावर आल्या होत्या आणि तिला चाटून साफ करत होत्या. त्या मला चावल्या नाहीत. राणी मेलेली होती. तिचा वास असेपर्यंत त्यांना ते कळत नाही. काही दिवस त्या तिला अशाच सांभाळत राहतात.

"जिंदा है?" सुखबतीनं विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. ती तिथेच फांदीवर बसली आणि तोंड पदरानं झाकून घेतलं. माझी वसाहत गेली तेव्हा ती रडली नव्हती.

"मिल गई सर?" सुपरवायझर मोबाइल काढत जवळ आला. "हाथ थोड़ा सीधा रखिए."

"मेली आहे," मी म्हणालो. "मर गई है."

"कोई बात नहीं सर, फोटो में पता नहीं चलेगा."

मी मान वर करेपर्यंत त्यानं फोटो काढलाही होता. तो त्यांच्या अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. मला प्रत पाठवली. खाली लिहिलं आहे: राणी सुरक्षित, वसाहतीचं स्थलांतर यशस्वी. फोटो चांगला आला आहे. हात माझा आहे, अंगठ्याजवळचा डाग ओळखू येतो. त्या पाच-सहा जणी तिच्याभोवती आहेत, आणि ती खरंच जिवंत दिसते.

ती मेलेली होती. हे मी वाढवून सांगत नाही.